एकाच्या जागी दुसरा

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये एक कीर्तन आहे. शिवाजी महाराज श्रोत्यांत येऊन बसलेत. त्यांना धरायला शत्रूचे शिपाई आत शिरतात, तुकोबा पांडुरंगाला साकडं घालतात, आणि शिपायांना जो तो शिवाजीच दिसायला लागतो. इकडे शिवाजी, तिकडे शिवाजी. कुणाला धरावं? चित्रपट १९३६ सालचा. कॅमेऱ्याची ती करामत आज शाळकरी पोरालाही फोनवर जमेल, पण हे दृश्य लागलं की मी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवतो.

मराठी सिनेमाचे निरनिराळे प्रकार मी आवडीनं पाहत आलो आहे आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एकाच्या जागी दुसरा उभा राहणं, ही एकच क्लृप्ती सगळ्यांनी वापरली आहे. संतपटानं वापरली, तमाशापटानं वापरली, विनोदी सिनेमा तर तिच्यावरच जगला, रहस्यपटानं तिच्या जोरावर घाम फोडला आणि ऐतिहासिक सिनेमानं डोळ्यांत पाणी आणलं. क्लृप्ती तीच असताना एकीकडे हात जोडले जातात, दुसरीकडे हसून पोट दुखतं आणि तिसरीकडे काळजात कळ उठते, हे कशानं होतं? माझ्या मते पडद्याच्या आत जो बघणारा बसवलेला असतो, त्याच्यामुळे. प्रत्येक सिनेमात आपल्याबरोबर आतही कुणीतरी बघत असतं. कीर्तनाचे श्रोते, फडापुढची पागोटी, घरमालकीण, न्यायाधीश, छावणीतला सरदार. त्या आतल्या बघ्याला काय ठाऊक आहे आणि आपल्याला काय ठाऊक आहे, यावर सगळं बेतलेलं असतं. गाणं किती लांबवायचं, कॅमेरा जवळ न्यायचा की लांब ठेवायचा, हेसुद्धा तिथेच ठरतं.

संतपटात आपल्याला सगळंच ठाऊक असतं. गाथा इंद्रायणीत बुडणार आणि वर येणार, हे तिकीट काढण्यापूर्वीच माहीत असतं. त्यामुळे ‘संत तुकाराम’च्या दिग्दर्शकांना, दामले-फत्तेलाल यांना, घाई नाही. ते अभंग पुरता गाऊ देतात आणि विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून शांत राहतात. सिनेमात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवतो. तो गातो नाटकी थाटात, मुरके घेत. तुकोबा गातात ते काम करता करता म्हटल्यासारखं. शब्द तेच, आणि खरा कोण हे संवादाविना कळतं. भक्तिपटाची शैली म्हणजे काय, हे एवढ्या एका तुलनेत दामले-फत्तेलालांनी सांगून टाकलं आहे. याच सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग तर पुष्कळांना तुकोबांचाच वाटला. एकाच्या जागी दुसरा उभा राहिला आणि कुणाला शंका आली नाही, असा हा पडद्याबाहेरचा प्रकार. पागनीस स्वतः संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्या सवयीतला मृदूपणा त्यांच्या तुकारामात राहिला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पुढे कितीक तुकाराम आले, पण इतका निःशस्त्र माणूस परत दिसला नाही.

तरीही हा सिनेमा नुसत्या तुकोबांवर उभा राहिला नसता. तो उभा आहे तुकोबांच्या बायकोमुळे, जिजाईमुळे. गौरीबाईंनी केलेली जिजाई पोर आजारी पडल्यावर एका हातात पोराला धरते, दुसऱ्या हातात वहाण घेते आणि थेट देवळात शिरते. विठोबाला जाब विचारायला. सगळं गाव हात जोडून उभं आणि ही बाई वहाण उगारून. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा त्या काळात माझ्या आजीनं हा पाहिला तेव्हा तुकोबा दिसले की ती टीव्हीलाच नमस्कार करायची, आणि या प्रसंगाला मांडीवर थाप मारून म्हणाली, “बरोबर बोलतीय गं बाई! घरात दाणा नाही आणि ह्यांचे टाळ चाललेत.” नमस्कार आणि थाप, दोन्ही तिची मनापासूनची होती. आतल्या बघ्यांमध्ये एक न पटलेलं माणूस ठेवलं की चमत्कारही अंगणात उतरतो. पुढच्या अनेक संतपटांत देव, भक्त, चमत्कार आणि माना डोलावणारी गर्दी एवढंच उरलं. जिजाई नव्हती. हा प्रकार त्यामुळेच थकला असं मला वाटतं.

तमाशात हा बघ्या आणखी जवळ येतो. जत्रेत कनातीत बसून मी गवळण पाहिली आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गवळणींची म्होरकी मावशी. मावशी म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेला बाप्या. मी पाहिलेल्या मावशीच्या मनगटावर दाट केस होते आणि त्यावर हिरव्या बांगड्या. तिनं टाळी देऊन कृष्णाशी दानावरून घासाघीस सुरू केली, तेव्हा पुढं बसलेल्यांतला एक जण मध्येच ओरडला आणि तिनं कृष्णाला तसंच सोडून आधी त्याला उत्तर दिलं. ते केस झाकायची तिला गरज नव्हती. कुणीच फसत नाही, कुणाला फसवायचंही नाही. बाप्या बाई झाला आहे हे सगळ्यांना ठाऊक असण्यातच ती गंमत आहे.

तमाशापटानं हे बसणं-बघणं जसंच्या तसं पडद्यावर नेलं. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून ही लाट उसळली आणि १९५९ साली अनंत मान्यांच्या ‘सांगत्ये ऐका’नं ती गावोगाव पोचवली. या सिनेमांतली लावणी नीट बघा. कॅमेरा नाचणारीवरून बघणाऱ्यांवर जातो आणि परत येतो. मिश्या, फेटे, उडालेला पैसा, पुन्हा ती. हिंदी सिनेमातली जोडी बागेत गाते तेव्हा तिथं कुणी नसतं. लावणी मात्र बघणाऱ्यांवाचून पुरी होत नाही. ‘सांगत्ये ऐका’तल्या ‘बुगडी’च्या लावणीत नाचणारी साताऱ्याला जाताना हरवलेल्या बुगडीची गोष्ट सांगते आणि वर ऐकणाऱ्यांनाच गळ घालते की घरच्या म्हाताऱ्याला चुगली करू नका. बसलेली सगळी गर्दी एका ओळीत तिच्या गुपितात सामील होते, आणि थिएटरातले आपणही. आशाबाईंनी ती ओळ म्हटली आहे ती एकट्याच्या कानात म्हटल्यासारखी, ऐकणारे मात्र शेकडो.

आता मावशीचं पुढं काय झालं ते बघण्यासारखं आहे. वसंत सबनिसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिलं, दादा कोंडक्यांनी ते गाजवलं. १९७१ साली आलेला ‘सोंगाड्या’ सबनिसांच्याच लेखणीचा. आणि १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ही त्यांनीच लिहिलेला. कथेचं मूळ एका हिंदी सिनेमात आहे हे खरं, पण त्याचं बोलणं सरळ बतावणीतून, तमाशातल्या हजरजबाबी जुगलबंदीतून, आलेलं आहे. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं उचलायचं, तिसऱ्यानं भलताच अर्थ काढायचा. ढोलकी गेली, कनात गेली, फेट्यांच्या जागी पुण्यातला बंगला आला, पण बतावणी तशीच राहिली. आपल्याकडे शहरी विनोदी सिनेमा आणि गावचा तमाशा असे दोन कप्पे करून ठेवायची सवय आहे. एकच माणूस दोन्हीकडे लिहीत होता हे त्यात विसरलं जातं.

मात्र बंगल्यात आल्यावर एक मोठा फरक पडला. लीलाबाई काळभोरांना खोली जोडप्यांनाच द्यायची आहे, म्हणून चार पुरुषांतले दोघं बायका होतात. इथं बाप्याची बाई झाली आहे हे आपल्याला माहीत आहे, लीलाबाईंना नाही. गवळणीत भागीदार असलेला बघ्या इथं फसणारा झाला. त्याबरोबर सगळी शैलीच बदलली. मावशीला केस झाकायची गरज नव्हती. इथं बाई बनलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या पार्वतीला पदर सावरावाच लागतो, आवाज जपावा लागतो, आणि दाराची कडी वाजली की धावाधाव करावी लागते. दारं हा या सिनेमाचा प्राण आहे. कोण कुठल्या दारातून येतंय आणि तेवढ्यात कोण कुठं लपतंय, यावर प्रसंग बांधलेले आहेत. म्हणून कॅमेरा थोडा मागं असतो. फसवणारा आणि फसणारा एकाच चौकटीत दिसल्याशिवाय हसू येत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतो तेव्हा त्याच्या बाजूला अशोक सराफचा निर्विकार चेहरा दिसावाच लागतो. एकाला कापून दुसऱ्याला दाखवलं तर विनोद तिथेच मेला. अलीकडच्या विनोदी सिनेमांत दर वाक्याला चेहऱ्यावर झूम करतात आणि मागे टुंईं असा आवाज टाकतात, त्यानं माझा जीव कासावीस होतो. इतके गुणी नट असताना त्यांना एका चौकटीत उभं राहून खेळू द्यायला काय हरकत आहे?

तीच साडी, तोच पुरुष, आणि २०१० सालचा ‘नटरंग’. आनंद यादवांच्या कादंबरीवर रवी जाधवांनी केलेला. गुणाला व्हायचंय राजा. फडाला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुष, हवा म्हणून तो नाच्या होतो. अतुल कुलकर्णी सुरुवातीला पैलवानी अंगानं उभा राहतो आणि मग ते अंगच वितळत जातं. या सिनेमातला आतला बघ्या दोन तऱ्हांचा आहे. फडापुढं बसलेली गर्दी टाळ्या वाजवते, शिट्ट्या मारते. तीच माणसं फडाबाहेर त्याला बाईलवेडा, बायल्या म्हणून नासवतात. मंचावर वेष आहे हे सगळ्यांना कळतं, मंचावरून उतरल्यावर तो वेष आहे हे कुणीच मानायला तयार नाही. गवळणीत जे हसू होतं त्याची किंमत काय होती, ते इथं दाखवलं आहे. ‘बनवाबनवी’त शेवटी साडी उतरवली की संसार सुरू होतो, गुणाला ती उतरवता येत नाही. मी हे दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले आणि नंतर बराच वेळ दोघांना वेगळं करू शकलो नाही. कॅमेऱ्याचं अंतरही बघा. ‘नटरंग’चा कॅमेरा आरशापाशी जाऊन बसतो, रंग चढवणाऱ्या बोटांपाशी. विनोदी सिनेमात वेष पालटणं झटक्यात उरकतात, कारण तिथं पालटल्यानंतरची फजिती महत्त्वाची.

रडवणाऱ्या कौटुंबिक सिनेमाबद्दल थोडंच लिहितो. ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला आणि बायकांनी गाड्या भरभरून थिएटरं गाठली. या सिनेमाचं यंत्र विनोदी सिनेमाइतकंच काटेकोर आहे, फक्त उलटं फिरतं. विनोदी सिनेमात खोटं नायक बोलतो. रडवणाऱ्या सिनेमात खोटं नायिकेबद्दल बोललं जातं. दोन्हीकडे खरं आपल्याला माहीत असतं आणि घरातल्यांना नसतं. लीलाबाईंना खरं कळेल म्हणून आपण धास्तावतो. बापाला खरं कळावं म्हणून आपण तळमळतो. अलका कुबलच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, पार्श्वसंगीत चढत जातं, आणि थिएटरातली बाई पडद्यावरच्या बापाला मोठ्यानं सांगते की अरे, तुझी पोर निर्दोष आहे. ज्यांनी या सिनेमांना नाकं मुरडली त्यांनी ही हाक कधी ऐकली नसावी. ती हाक मला लावणीला मिळालेल्या शिट्टीइतकीच खरी वाटते.

आणि मग ‘पिंजरा’. १९७२ साली व्ही. शांतारामांनी केला, आणि त्यात इतके प्रकार एकात एक गुंतले आहेत की सोडवत बसावंसं वाटतं. मूळ बीज जर्मन कादंबरीचं, पण इथल्या मातीत असं रुजलं की उपरेपण राहिलं नाही. तमाशा गावाबाहेर काढणारा मास्तर स्वतःच तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतो. गावाला एक प्रेत मिळतं, अंगावर मास्तरांचे कपडे. गाव मानतं, मास्तर गेले. पुतळा उभा राहतो, हार पडतात. आणि जिवंत मास्तर फडाबरोबर तुणतुणं धरून गावोगाव हिंडतो. सुरुवातीला यातली चौकट आदर्शवादी बोधपटाची आहे, मधला सगळा भाग तमाशापटाचा, आणि शेवट कोर्टात. मास्तरच्याच खुनाबद्दल मास्तरला फाशी होते. एकाच्या जागी दुसरा उभा करण्याची याहून कठोर गोष्ट मराठीत नाही, असं मी पुन्हा पुन्हा म्हणेन. इथं आतला बघ्या म्हणजे अख्खं गाव. गावाला मेलेला मास्तर हवा आहे, कारण तो निष्कलंक आहे. श्रीराम लागू आपल्याच पुतळ्याकडे बघतात तेव्हा डोळ्यांत लाज आहे, पण थोडी असूयासुद्धा आहे. मेलेल्याची असूया. राम कदमांची ढोलकी इतकी दणदणीत वाजत असते की ही शांत गोष्ट पहिल्यांदा पाहताना निसटून जाते. मला ती गाण्यांचं वेड ओसरल्यावर दिसली.

रहस्यपटात शेवटी आपल्या हातचं गुपितही काढून घेतात. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’, १९६४. वकिलाची बायको वारली आहे, आणि अगदी तोच चेहरा घेऊन एक बाई आरोपी म्हणून समोर येते. म्हणते, मी तुमचीच. आतापर्यंतच्या सगळ्या सिनेमांत खरा कोण आणि सोंग कुणाचं हे आपल्याला ठाऊक होतं. इथं न्यायाधीश जितके अंधारात तितकेच आपण. त्याबरोबर गाण्याचं कामही पालटतं. ग. दि. माडगूळकरांनी ‘रामजोशी’साठी लिहिलं तेव्हा शब्द फडाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवे होते. ‘पाठलाग’मधलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ एकाच माणसासाठी आहे. एक बाई एका पुरुषाभोवती फिरते एवढंच ते सांगतं. पडद्यावर ते ऐकायला गर्दी नाही आणि टाळी देणारंही कुणी नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. दत्ता डावजेकरांनी चाल गोड दिली आहे. भीतीच्या गाण्याला गोड चाल द्यायची हिंमत लागते. याच कथेवर दोन वर्षांनी ‘मेरा साया’ आला, तोही उत्तम, पण काळ्या-पांढऱ्यातल्या सावल्यांनी ‘पाठलाग’मध्ये जे काम केलं ते रंगांना जमलं नाही. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी तो अजून शिल्लक आहे.

हे सगळं डोक्यात असताना मी ऐतिहासिक सिनेमे पाहतो, आणि तिथं मन थोडं खट्टू होतं. भालजी पेंढारकरांच्या काळापासून हा आपला हक्काचा प्रकार. गेल्या काही वर्षांत ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ असे सिनेमे ओळीनं आले, थिएटरं भरली, पोरांच्या हातात भगवे झेंडे होते. मला त्याचा आनंद आहे. पण या प्रकाराच्या शैलीला एक सवय जडली आहे. तलवार उगारली की वेळ संथ होतो, झांजा-ढोल चढतात, आणि आतला प्रत्येक बघ्या आधीच भारावलेला असतो. मावळा भारावलेला, प्रजा भारावलेली, शत्रूसुद्धा मनातून. तुकोबांच्या जिजाईसारखं कुणी कुठंच नाही. वहाण उगारणारं कुणी नाही, म्हणून देव मोठा होतो पण जवळ येत नाही.

आणि गंमत अशी की एकाच्या जागी दुसरा उभा राहण्याची सर्वांत मोठी गोष्ट याच प्रकाराकडे आहे. १६६०चा जुलै महिना, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, आषाढी पौर्णिमेची पावसाळी रात्र. महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद बसला. जातीनं न्हावी. पालखी पकडली गेली, छावणीत नेली गेली. पुढचं आपल्याला माहीत आहे: इकडे घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, तिकडे शिवा काशीदचा प्राण गेला. बाजीप्रभूंची खिंड आपण पुष्कळ पाहिली, पाहावीच. पण छावणीतला तो मधला काळ, पालखी आल्यापासून खरं उघड होईपर्यंतचा, त्यावर एक अख्खा सिनेमा मला पाहायचा आहे, आणि तो ऐतिहासिक सिनेमाच्या नव्हे तर ‘पाठलाग’च्या रीतीनं केलेला.

ढोल नकोत. पाऊस, मशाली, चिखलात रुतणारे भोई. तंबूत एक माणूस बसलाय, समोर सरदार त्याला निरखतायत. तो फार बोलू शकत नाही, कारण आवाज ओळखला जाईल. कुणीतरी महाराजांना पूर्वी पाहिलेला माणूस शोधायला धावला आहे. आणि शिवाला एकच गणित करायचं आहे, महाराजांची पालखी विशाळगडाच्या वाटेवर आता कुठवर पोचली असेल. ‘बनवाबनवी’त दार वाजल्यावर जी धडधड व्हायची तीच ही, फक्त इथं पकडलं जाण्याचा अर्थ वेगळा. मला त्या तंबूत एक न पटलेला माणूसही हवा आहे. कुणी हुजऱ्या, कुणी छावणीतलाच न्हावी, ज्याची नजर या ‘राजा’च्या बोटांवर जाते, वस्तरा धरून धरून घट्टे पडलेल्या बोटांवर, आणि जो ठरवतो की आपण काही बोलायचं नाही.

पालखीत कोण आहे हे प्रेक्षकाला कधी सांगायचं, एवढा एकच प्रश्न पटकथाकारापुढे उरतो. शेवटपर्यंत लपवलं तर झटका बसेल, पण तो एकदाच. मी असतो तर पहिल्याच दृश्यात, पालखीत चढण्यापूर्वी, त्याला स्वतःची दाढी महाराजांसारखी कातरताना दाखवलं असतं.